आतड्याची लाली

क्रोन्सच्या रुग्णाचं पोट उघडल्यावर आजारी आतडं शोधत बसावं लागत नाही. ते रंगावरूनच ओळखू येतं. बाजूचं निरोगी आतडं फिकट गुलाबी, मऊ, बोटांमधून निसटणारं असतं. मध्येच एखादं वेटोळं जाड, ताठ आणि लालजांभळं दिसतं. त्याच्या पाठीवर पिवळी चरबी बोटं पसरून चढत आलेली असते, आणि आतड्याला रक्त पोचवणाऱ्या पातळ पडद्यातल्या शिरा तटतटून फुगलेल्या असतात. हे दृश्य सर्जन मंडळींना पिढ्यान्‌पिढ्या पाठ होतं.

दाह म्हणजे काय, याची यादी तर त्याहून जुनी. पहिल्या शतकात रोममधल्या सेल्ससने दाहाची चार लक्षणं लिहून ठेवली: लाली, सूज, ऊब आणि वेदना. यादीत पहिलं नाव लालीचं, आणि लाली म्हणजे रक्तवाहिन्या. एवढं उघड असूनही आतड्याच्या दाहाचं कारण शोधणाऱ्यांनी विसाव्या शतकाचा बराचसा काळ या वाहिन्यांकडे पाहिलंच नाही. दंगलीच्या पंचनाम्यात दगड मारणारे येतात, चिथावणी देणारे येतात, पण जमाव ज्या रस्त्याने आला त्या रस्त्याला कोणी आरोपी करत नाही. रक्तवाहिन्यांचं तसंच झालं. हा रस्ता कुणीतरी दंगलीसाठीच नव्याने बांधून घेतला असेल, ही शंका यायला दुसऱ्याच एका रोगाची, कर्करोगाची, वाट धरावी लागली.

आधी आजाराचं नाव. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बर्रिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर या तिघांचा लेख १५ ऑक्टोबर १९३२ला अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. रुग्ण होते १४. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात सूज, व्रण, आकसलेली नळी. रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या होत्या ए. ए. बर्ग या सर्जनने, पण आपण न लिहिलेल्या लेखावर नाव घालायला त्यांनी नकार दिला. लेखकांची नावं इंग्रजी वर्णानुक्रमाने छापली गेली आणि आजार क्रोन यांच्या नावावर चढला. बर्ग ‘हो’ म्हणाले असते, तर जगभरचे रुग्ण आज बर्ग यांचं नाव घेत रांगेत उभे असते. मुळात ग्लासगोच्या केनेडी डॅल्झील यांनी असेच रुग्ण १९१३मध्येच वर्णन केले होते. नाव मिळण्यात न्याय फारसा नसतो.

त्या १४ रुग्णांबाबत क्रोन मंडळींची सगळ्यात मोठी धडपड होती ती हा क्षयरोग नाही हे दाखवण्याची. मराठी वाचकाला हे ऐकून नवल वाटायला नको. आपल्याकडे आजही लहान आतड्याच्या टोकाला व्रण दिसले की पहिला प्रश्न तोच असतो: टीबी की क्रोन्स? आणि क्रोन्सचं भावंड असलेल्या, मोठ्या आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसला आपल्या आज्या-पणज्यांनी ‘रक्ती आव’ म्हणून किती वेळा डाळिंबाच्या सालीवर निभावून नेलं असेल, त्याची नोंद कुठल्या नियतकालिकात नाही.

पुढची तीन-चार दशकं संशयितांची रांग लांबत गेली. जिवाणू, आहार, वंश, रुग्णाचा स्वभाव. कोलायटिस हा मनाचा आजार आहे असं सांगणारी एक मोठी फळीच त्या काळात होती, आणि आधीच दिवसातून पंधरा वेळा संडासला पळणाऱ्या माणसाला ‘तुम्ही फार काळजी करता’ असं ऐकून घ्यावं लागत होतं. वाहिन्यांचा अभ्यास अगदीच झाला नाही असं नव्हे. १९७०मध्ये ब्रामे आणि लिंडस्ट्रॉम या स्वीडिश जोडीने कापून काढलेल्या आतड्यांमधल्या रक्तवाहिन्यांची रचना क्ष-किरणांनी तपासली. १९७७मध्ये गोथेनबर्गच्या हुल्तेन यांच्या गटाने रुग्णांच्या आतड्यातला रक्तप्रवाह मोजला. दाह भडकलेला असताना प्रवाह वाढलेला, आणि आतडं जुनं, कडक झाल्यावर घटलेला. आकडे नीट होते. पण ते रोगाचे परिणाम म्हणून वाचले गेले आणि कपाटात गेले.

वॉशिंग्टनशेजारच्या बेथेस्डा इथे, अमेरिकेच्या नौदलाच्या वैद्यकीय केंद्रात, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एक तरुण सर्जन सक्तीच्या लष्करी सेवेची दोन वर्षं काढत होता. ज्युडा फोकमन. क्लीव्हलंडला जन्मलेला, ज्यू धर्मगुरूचा मुलगा. महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या जहाजांवर रक्त साठवता येत नाही, तर त्याला पर्याय शोधा, हे नौदलाने दिलेलं काम. फोकमन आणि फ्रेडरिक बेकर यांनी जनावरांच्या थायरॉईड ग्रंथी काचेच्या पात्रात ठेवल्या आणि त्यांतून हिमोग्लोबिनचं द्रावण फिरवलं. ग्रंथी जगल्या. मग त्यांनी त्यांत उंदराच्या कर्करोगाच्या पेशी सोडल्या. गाठी वाढू लागल्या आणि मिलीमीटर-दोन मिलीमीटरवर येऊन थांबल्या. मेल्या मात्र नव्हत्या. त्याच गाठी जिवंत उंदरात नेऊन लावल्या की भराभर फोफावत.

फरक काय होता? उंदरात गाठीभोवती नव्या रक्तवाहिन्या फुटत होत्या, काचेच्या पात्रातल्या ग्रंथीत फुटत नव्हत्या. फोकमन यांनी यातून काढलेला निष्कर्ष १८ नोव्हेंबर १९७१च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. गाठ स्वतःहून एक द्रव्य सोडते, ते द्रव्य शेजारच्या रक्तवाहिन्यांना अंकुर फोडायला लावतं, आणि हे द्रव्य अडवलं तर गाठीची उपासमार होईल. तोवर ते बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले होते. वयाच्या चौतिसाव्या वर्षीच हे पद मिळालेलं.

त्यांच्यावर झालेल्या टीकेत आपल्या विषयाचं बीज आहे. बरेच जाणकार म्हणाले, यात नवीन काय? गाठीभोवती लाली दिसते तो दाह आहे. शरीर परक्या गोष्टीवर चिडतं, तिथल्या वाहिन्या फुगतात, बस. म्हणजे दाहात वाहिन्या येतात हे सगळ्यांनी इतकं गृहीत धरलेलं होतं की त्यात चौकशी करण्यासारखं कोणाला काही वाटत नव्हतं. ‘दाह’ हा शब्द उच्चारला की विषय संपायचा. फोकमन यांची पुढची काही वर्षं, आपण दाखवतो ते दाहाशिवाय घडतं, हे सिद्ध करण्यात गेली.

त्यासाठी त्यांच्या प्रयोगशाळेने जागा निवडली सशाच्या डोळ्याची. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, हा शरीरातला असा भाग की ज्यात एकही रक्तवाहिनी नसते. म्हणून तर तो पारदर्शक. मायकेल गिम्ब्रोन आणि सहकाऱ्यांनी त्या पडद्यात बारीकशी खाच करून गाठीचा कण ठेवला. थोड्या दिवसांनी डोळ्याच्या कडेकडून केसासारख्या लाल रेषा त्या कणाच्या दिशेने सरकू लागल्या. हे काम १९७४मध्ये प्रसिद्ध झालं. दाह पेटवणाऱ्या गोष्टी या खाचेत येऊ न देणं हा त्या प्रयोगातला मुख्य पथ्याचा भाग होता. ही कॉर्नियातली खाच लक्षात ठेवा, पुढे तिच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

द्रव्य आहे असं म्हणणं वेगळं आणि ते बाटलीत भरून दाखवणं वेगळं. त्यात आणखी दहा वर्षं गेली. १९८४मध्ये फोकमन यांच्याकडच्या युएन शिंग आणि मायकेल क्लॅग्सब्रन यांना उंदराच्या कूर्चेच्या गाठीतून एक वाढघटक शुद्ध करता आला. तो हेपरिनला घट्ट चिकटतो, या गुणावरून त्याला पकडलं होतं. पुढे तो बेसिक एफजीएफ म्हणून ओळखला गेला.

दुसरा शोध बोस्टनमध्येच, पण वेगळ्या दारातून आला. बेथ इस्रायल रुग्णालयाचे हॅरोल्ड ड्वोराक विकृतिशास्त्राचे. त्यांना वाहिन्यांच्या वाढीपेक्षा गळतीत रस होता. पोटातल्या कर्करोगात पोटात पाणी का साठतं? डोनाल्ड सेंगर आणि ड्वोराक यांनी १९८३मध्ये गाठीच्या पेशींमधून निघणारं एक प्रथिन दाखवलं, जे केशवाहिन्यांना गळकं करतं. वाहिन्या गळक्या करण्यात हिस्टामिन नावाजलेलं, त्याच्यापेक्षा हे प्रथिन सुमारे ५०,००० पट जोरदार ठरलं. तीन वर्षांनी ड्वोराक यांनी लिहिलं की कर्करोगाची गाठ म्हणजे न भरणारी जखम आहे. जखमेत जे थोड्या दिवसांसाठी घडतं, तेच गाठीत घडत राहतं. आतड्याच्या दाहाबद्दल त्या लेखात त्यांना काही म्हणायचं नव्हतं, पण वर्षानुवर्षं न भरणारा कोलायटिसचा व्रण ज्याने पाहिला आहे, त्याला ते शब्द ओळखीचे वाटतील.

तिसरा माणूस सिसिलीचा. नेपोलिओने फेरारा १९८८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या जेनेनटेक कंपनीत रुजू झाले. नेमणूक होती रिलॅक्सिन नावाच्या संप्रेरकावर काम करायला. फावल्या वेळात ते गाईच्या पिट्युटरी ग्रंथीतल्या पेशींचा आपला जुना छंद जोपासत होते. त्या पेशींच्या द्रवात रक्तवाहिन्यांच्या अस्तराला वाढायला लावणारं काहीतरी होतं. १९८९मध्ये त्यांनी ते शुद्ध केलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन लेख शेजारी शेजारी आले. एकात फेरारा यांच्या वाढघटकाची जनुकीय ओळख, दुसऱ्यात मोन्सँटो कंपनीच्या शास्त्रज्ञांनी उलगडलेलं ड्वोराक यांचं गळती करणारं प्रथिन. दोन्ही एकच निघालं. एकाने भिंत झिरपताना पाहिली होती, दुसऱ्याने भिंत वाढताना. या रेणूचं नाव पडलं व्हीईजीएफ, रक्तवाहिनीच्या अस्तराचा वाढघटक. हा रेणू उंदराच्या गर्भाला इतका नेमक्या मापात लागतो की त्याच्या जनुकाची दोनपैकी एक प्रत जरी काढली तरी गर्भ मरतो, हे १९९६मध्ये कळलं.

इथून गोष्टीला दोन फाटे फुटतात. मला त्यातला कमी गाजलेला फाटा जास्त आवडतो.

वाहिन्या थांबवण्याचं स्वप्न पाहणारे फोकमन याच काळात दुसऱ्या एका टेबलावर वाहिन्या वाढवत होते. त्यांचे सोबती शांडोर सझाबो, ताणतणावाच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या हान्स सेल्ये यांचे माँट्रियलचे विद्यार्थी. सझाबो उंदरांना सिस्टेअमीन नावाचं रसायन देऊन त्यांच्या लहान आतड्याच्या पहिल्या भागात व्रण तयार करत. या व्रणांना भरायला काय कमी पडतं? आपल्याकडे जुनी माणसं जखमेवरची पट्टी काढून बघतात आणि खाली लाल, दाणेदार कोंब दिसले की म्हणतात, ‘मांस धरलं’. ते दाणे म्हणजे नव्या केशवाहिन्यांची टोकं. सझाबो आणि फोकमन यांचं म्हणणं असं होतं की व्रणाच्या तळाशी नेमके हेच दाणे धरत नाहीत, कारण आम्ल बेसिक एफजीएफ नष्ट करून टाकतं. १९९१मध्ये त्यांनी असा विचार मांडला की ॲसिडिटीवर दिलं जाणारं सुक्राल्फेट हेपरिनसारखं या घटकाला चिकटून त्याला आम्लापासून वाचवत असावं. मग त्यांनी आम्लात टिकेल असा किंचित बदललेला बेसिक एफजीएफ उंदरांना तोंडाने दिला. व्रणांच्या तळाला वाहिन्या फुटल्या आणि व्रण लवकर भरले. १९९४चा तो लेख आहे.

त्याच वर्षी अमेरिकेत तज्ज्ञांच्या परिषदेने जाहीर केलं की पेप्टिक अल्सरच्या मुळाशी बहुतेक वेळा एक जिवाणू आहे आणि त्याला अँटिबायोटिक द्यावं. वाहिन्या वाढवून व्रण भरण्याची कल्पना त्यापुढे मागे पडली. पण लाली बरं करते, ही गोष्ट पचनमार्गाच्या एका टोकाला सिद्ध होऊन बसली होती. दुसऱ्या टोकाला तीच लाली आजार म्हणून उभी होती.

वाहिन्या थांबवण्याच्या फाट्यावरची विचित्र व्यक्तिरेखा म्हणजे थॅलिडोमाइड. १९५७मध्ये जर्मनीत झोपेचं, मळमळीचं निर्धोक औषध म्हणून विकायला आलं, १९६१च्या अखेरीस मागे घेतलं गेलं, आणि मधल्या काळात हजारो मुलं हातापायांशिवाय किंवा खुंटलेल्या हातापायांनी जन्मली. हे औषध इतिहासजमा व्हायचं. पण १९६४च्या सुमारास जेरुसलेममधल्या कुष्ठरोग रुग्णालयाचे जेकब शेस्किन यांनी वेदनेने झोप न येणाऱ्या एका रुग्णाला ते झोपेसाठी दिलं, आणि कुष्ठरोगातली अंगावर उठणारी दुखरी, लाल गाठींची प्रतिक्रिया ओसरली. कारण कळायला १९९१ उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गिला कॅप्लान यांच्या गटाने दाखवलं की थॅलिडोमाइड टीएनएफ हे दाह पेटवणारं प्रथिन कमी करतं. १९९४मध्ये फोकमन यांच्या प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट डी’अमॅटो यांनी वेगळ्याच अंगाने विचार केला. बाळाचे हात-पाय खुंटतात, म्हणजे वाढणाऱ्या अवयवापर्यंत नव्या वाहिन्या पोचत नसाव्यात का? पुन्हा ससा, पुन्हा कॉर्निया. थॅलिडोमाइड खाल्लेल्या सशांच्या डोळ्यात वाहिन्या कमी फुटल्या.

म्हणजे दाहाला आणि वाहिन्यांना, दोघांनाही एकाच वेळी लगाम घालणारं औषध हातात होतं, आणि ते जगातलं सगळ्यात बदनाम औषध होतं. १९९९मध्ये दोन छोट्या अमेरिकी अभ्यासांत, बाकी उपाय थकलेल्या क्रोन्सच्या रुग्णांना त्याने आराम पडला. २०१३मध्ये इटलीत क्रोन्सच्या ५६ मुलांवर झालेल्या नीट चाचणीतही फरक स्पष्ट होता. पण हातापायांना मुंग्या येऊन नसा कायमच्या बिघडण्याची भीती आहे, आणि गर्भवतीपासून तर ते सात कुलपांत ठेवावं लागतं. क्रोन्समध्ये त्याने गुण आला तो टीएनएफ दबल्यामुळे की वाहिन्या खुंटल्यामुळे, हे वेगळं काढणं सोपं नव्हतं.

१९९८ हे साल या गोष्टीत अंगात आल्यासारखं वागतं.

फेब्रुवारीत ‘लॅन्सेट’मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांचा लेख आला, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा. त्याने केलेलं नुकसान सगळ्यांना माहीत आहे. हा माणूस तिथवर पोचला तो मात्र आतड्याच्या रक्तवाहिन्यांवरून चालत, हे कमी लोकांना माहीत असतं. १९८९मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी क्रोन्सच्या आतड्यांच्या वाहिन्यांत राळ भरली, ती घट्ट झाल्यावर भोवतालचं मांस काढून टाकलं, आणि उरलेला साचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यांचा दावा होता की बारीक वाहिन्या तुंबल्याने आतड्याचे तुकडे रक्ताविना मरतात आणि तोच क्रोन्सचा उगम. वाहिन्यांना थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारा हा बहुधा पहिला ठळक लेख. पुढचा प्रश्न साहजिक होता, वाहिन्या तुंबवतं कोण? १९९३मध्ये त्यांनी उत्तर दिलं: त्यांच्या अस्तरात घर केलेला गोवरचा विषाणू. इतरांच्या तपासण्यांत ते टिकलं नाही. पण गोवरापासून लशीपर्यंतचं अंतर त्यांनी पाच वर्षांत कापलं. १९९८चा लेख ‘लॅन्सेट’ने २०१०मध्ये रद्द केला आणि त्याच वर्षी वेकफील्ड यांचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं गेलं. राळेच्या साच्यांचं काम वेगळं होतं, ते रद्द झालेलं नाही. पण त्या नावाच्या सावलीत वाहिन्यांचा मुद्दाही काही काळ अवघडून उभा राहिला असणार, असं मला वाटतं.

मे महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर फोकमन यांची बातमी. त्यांच्याकडच्या दोन द्रव्यांनी उंदरांतल्या गाठी नाहीशा केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ती द्रव्यं विकसित करणाऱ्या एंट्रीमेड या छोट्या कंपनीचा १२ डॉलरच्या आसपासचा शेअर दिवस संपता संपता ५०च्या पुढे गेला. जगभरातून रुग्णांचे फोन सुरू झाले. उंदरांना कर्करोग असेल तर आम्ही त्यांची चांगली काळजी घेऊ शकतो, अशा अर्थाचं फोकमन बोलून गेले. जुलैत अमेरिकेने थॅलिडोमाइडला कुष्ठरोगातल्या प्रतिक्रियेसाठी परवानगी दिली. सहा आठवड्यांच्या आत, ऑगस्टमध्ये, टीएनएफला पकडणारं प्रतिपिंड इन्फ्लिक्सिमॅब क्रोन्ससाठी मंजूर झालं. आतड्याच्या दाहाच्या उपचारातली ती मोठी उडी होती.

या गदारोळात जर्मनीहून ग्रीगा यांच्या गटाची एक शांत नोंद छापून आली: आतड्याच्या दाहाच्या रुग्णांच्या रक्तात व्हीईजीएफ वाढलेलं असतं. पुढच्या वर्षी तेच क्रोन्स झालेल्या मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये दाखवलं बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातल्या अथॉस बुस्व्हारोस आणि सहकाऱ्यांनी, म्हणजे फोकमन यांच्याच इमारतीत. कर्करोगाच्या मजल्यावरून आतड्याच्या मजल्यावर यायला व्हीईजीएफला दहा वर्षं लागली होती.

रक्तात एखादं द्रव्य वाढलेलं सापडणं हा पुरावा कच्चाच. पोलिसाला घटनास्थळी सापडलेला प्रत्येक जण गुन्हेगार नसतो. पक्कं काम २००६मध्ये आलं. रोमहून आलेले सिल्विओ दानेसे आणि क्लीव्हलंडमधले क्लॉडिओ फिओक्की यांच्या गटाने रुग्णांच्या आतड्याच्या अस्तराचे नमुने घेतले. निरोगी अस्तरापेक्षा त्यात बारीक वाहिन्यांची दाटी जास्त होती, आणि वाहिन्यांच्या अस्तरावर वाढीच्या वेळी उगवणारी खूण होती. मग त्यांनी आजारी अस्तराचा अर्क काढला आणि तो ठेवला कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर आणि, होय, कॉर्नियाच्या त्या खाचेत. वाहिन्या फुटल्या. दाह नको म्हणून ज्या जागी एवढं पथ्य पाळलं होतं, तिथे आता दाहाचाच रस ओतला होता, आणि तो कर्करोगाच्या गाठीसारखाच वाहिन्यांना हाका मारत होता. या रसात व्हीईजीएफ आणि बेसिक एफजीएफ होतेच, पण अस्तराच्या पेशींना हलवण्यात सगळ्यात मोठा वाटा इंटरल्युकिन-८चा होता, जो मुळात पांढऱ्या पेशींना बोलावणारा. म्हणजे दंगलखोर आणि रस्ता बांधणारे एकाच निरोपाने जमत होते.

एक गाठ मात्र सुटत नव्हती. वेकफील्ड यांच्या साच्यांत रक्त तुंबलेलं, हुल्तेन यांच्या जुन्या आतड्यांत प्रवाह घटलेला, आणि दानेसे यांच्या नमुन्यांत वाहिन्याच वाहिन्या. सगळेच कसे बरोबर? याचं उत्तर प्राणवायूत सापडतं. दाहाने पेटलेल्या अस्तराला प्राणवायू कमी पडतो. प्राणवायू कमी पडला की पेशीतलं एचआयएफ नावाचं प्रथिन जागं होतं आणि ते व्हीईजीएफ बनवायला लावतं. व्हीईजीएफमुळे घाईघाईत उगवलेल्या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. त्यांतून रक्त धड पोचत नाही, पण पांढऱ्या पेशी आणि पाणी मात्र आरामात बाहेर झिरपतं. प्राणवायू पुन्हा कमीच. नळ वाढत जातात आणि पाणी मिळत नाही, ही तक्रार आपल्या कुठल्याही वाढत्या उपनगरात ऐकू येते.

२००९मध्ये दोन गटांनी रेणूला हात घातला. स्काल्दाफेरी, दानेसे आणि सहकाऱ्यांनी कोलायटिस असलेल्या उंदरांना विषाणूमार्फत व्हीईजीएफचं जनुक दिलं, आजार बळावला. व्हीईजीएफला मध्येच झेलणारा रेणू दिला, आजार सौम्य झाला. दुसरा लेख तोल्स्तानोवा यांचा, आणि त्यावर एक नाव ओळखीचं: शांडोर सझाबो. आता कॅलिफोर्नियात. उंदरांच्या मोठ्या आतड्याचा दाह त्यांनी व्हीईजीएफविरोधी प्रतिपिंड देऊन आटोक्यात आणला. एकेकाळी फोकमन यांच्यासोबत वाहिन्या उगवून व्रण भरणारा माणूस आतड्याच्या दुसऱ्या टोकाला वाहिन्या छाटून व्रण भरत होता. फोकमन हे पाहायला नव्हते. जानेवारी २००८मध्ये डेन्व्हरच्या विमानतळावर, एका व्याख्यानाला निघालेले असताना, त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले.

मग व्हीईजीएफ अडवणारं औषध आतड्याच्या दाहाच्या रुग्णांना का मिळालं नाही? कारण ते आधीच माणसांत येऊन गेलं होतं, आणि नेमकं आतड्यातच. फेरारा यांच्या कामातून तयार झालेलं बेव्हॅसिझुमॅब २६ फेब्रुवारी २००४ला अमेरिकेत मंजूर झालं ते मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी. ८०० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत केमोथेरपीबरोबर ते मिळालेल्यांचं मध्यम आयुर्मान १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेलं. तेहतीस वर्षांपूर्वीच्या फोकमन यांच्या लेखाला मिळालेली ही पावती. पण त्याच चाचणीत औषध मिळालेल्या दीड टक्का रुग्णांच्या पचनमार्गाला भोक पडलं, नुसती केमोथेरपी मिळालेल्यांत एकालाही नाही. औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत जे इशारे छापले गेले, त्यांत हे दोन होते: आतडं फुटू शकतं, जखमा भरायच्या थांबतात. ज्याच्या आतड्यात आधीच खोल व्रण आहेत, अशा क्रोन्सच्या रुग्णाला हे औषध द्यायचं धाडस कोण करणार? उंदरांतलं गणित माणसांत आणायला कुणी पुढे सरसावलं नाही, ते मला शहाणपणाचं वाटतं.

तेवढ्यात रेणूच्या घराण्यातून एक भाऊबंद निघाला. व्हीईजीएफ-सी रक्तवाहिन्या सोडून मुख्यतः लसीकेच्या वाहिन्या वाढवतो, म्हणजे ऊतकात साचलेलं पाणी आणि पेशी निचरून नेणारी गटारं. २०१४मध्ये दानेसे यांच्याच मिलानच्या गटाने दाखवलं की कोलायटिस झालेल्या उंदरांना व्हीईजीएफ-सी दिलं की निचरा सुधारतो आणि दाह उतरतो. आणून ओतणारे नळ तोडायच्या ऐवजी मोरी मोकळी करायची. नगरपालिकेला सुद्धा पटेल अशी कल्पना.

दरम्यान इन्फ्लिक्सिमॅबने न सांगता हे काम थोडं करून टाकलं होतं. रोमच्या रुटेला आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये क्रोन्सच्या रुग्णांचे नमुने तपासले, तर टीएनएफ अडवल्यावर अस्तरातल्या वाहिन्यांची दाटीही ओसरलेली होती. दंगल शमली की रस्तेही उखडतात.

आज या वाहिन्यांची गाठ डॉक्टरांशी सगळ्यात जास्त पडते ती औषधाच्या बाटलीत नाही, सोनोग्राफीच्या पडद्यावर. लिम्बर्ग या जर्मन डॉक्टरांनी १९९९मध्ये क्रोन्सच्या आतड्यातला रक्तप्रवाह डॉप्लरने पाहून त्याच्या पायऱ्या आखल्या. भिंत नुसती जाड, ही पहिली. जाड भिंतीत रंगाचे तुटक ठिपके, ही दुसरी. मग लांब रेषा. आणि सगळ्यात वरची, रेषा भिंत ओलांडून आतड्याच्या पडद्यात शिरलेल्या. रुग्ण पाठीवर झोपतो, पोटावर गार जेल येतं, डॉक्टर उजव्या कुशीत खाली यंत्र दाबून धरतात, लहान आतड्याचं टोक सापडलं की आधी भिंतीची जाडी मोजतात. तीन मिलीमीटरच्या आत असेल तर बरं. मग रंगाचं बटण. लाल, निळे ठिपके उमटतात. रुग्ण विचारतो, लाल म्हणजे सूज का? डॉक्टर सांगतात, लाल-निळा हा प्रवाहाच्या दिशेचा फरक आहे, यंत्राकडे येणारं लाल, दूर जाणारं निळं. बघायचं ते ठिपके किती आणि कुठवर. चार महिन्यांनी पुन्हा या, तोवर इंजेक्शन चालू ठेवा, तेव्हा मोजू.